घाटात घाबरलो नाही, नळीला घाबरलो

पत्र

सिस्टर, नमस्कार. मी एसटीत ड्रायव्हर आहे. वय ५१, नोकरीला २६ वर्षं झाली. सांगली–रत्नागिरी गाडी कैक वर्षं चालवली. आंबा घाटात पावसात, धुक्यात, रात्री-अपरात्री कधी हात थरथरला नाही. दीड महिन्यापूर्वी तीन-चार दिवस शौचाला डांबरासारखं काळं झालं, जिना चढला की धाप लागायला लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९. कंबर धरते म्हणून मी बरीच वर्षं मेडिकलमधनं दुखण्याच्या गोळ्या आणून खातो, हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी त्या बंद केल्या, पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि मिरजेला जाऊन एन्डोस्कोपी, म्हणजे घशातनं नळी घालून पोट बघायची तपासणी, करून या म्हणाले. दोनदा गेलो. पहिल्यांदा नंबर यायच्या आधीच उठून आलो. दुसऱ्यांदा आत टेबलापर्यंत गेलो, ती काळी नळी बघितली आणि माघारी फिरलो. घरी मंडळींना सांगितलं, डॉक्टर आले नव्हते. दात घासताना ब्रश जरा मागं गेला तरी मला उमासा येतो. एवढी नळी घशातनं गेल्यावर श्वास कुठनं घ्यायचा? डेपोत एक जण म्हणाला, जीव गुदमरतो, डोळं पांढरं होत्यात. आणखी एक, कुणाला बोललो नाही. माझे वडील ५४ व्या वर्षी पोटाच्या गाठीनं गेले. त्यांनाही मिरजेलाच नेलं होतं. आता तिसरी तारीख पुढच्या गुरुवारची मिळालीय. माझ्यासारख्या माणसानं एवढं भ्यावं का?

— एक ड्रायव्हर, तासगाव तालुका

उत्तर

भाऊ,

मिरजेत मी २९ वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली शेवटची चौदा दुर्बिणीच्या, म्हणजे एन्डोस्कोपीच्या, खोलीत. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला जास्त टोचतोय असं पत्रावरून वाटलं. त्या टेबलावर मी तालमीतले पैलवान पाहिले, हळदीच्या पेठेत पोती वाहणारे हमाल पाहिले, फौजदार पाहिले. सगळ्यांचे हात गार पडलेले असायचे. घशाशी काही आलं की उमासा येणं हे धाडसाच्या हातात नसतं. श्वासनळीत काही जाऊ नये म्हणून शरीराने तिथे पहारा बसवलेला आहे, कुणाचा कडक, कुणाचा जरा सैल. तुमचा कडक आहे. घाटातल्या २६ वर्षांचा आणि ह्या उमाशाचा काही संबंध नाही.

मात्र एक फरक मी त्या खोलीत रोज पाहिला. ‘सिस्टर, मला फार भीती वाटतेय’ असं दारातच बोलून टाकणाऱ्यांची तपासणी सोपी जायची. ‘मला काही नाही, करा तुम्ही’ म्हणत दात आवळून आडवे होणारेच अर्ध्यात नळीला हात घालायचे. बोलणाऱ्याची भीती कमी असते असं नाही. पण तो बोलला की आम्ही कामाला लागतो. घशातला फवारा आणखी एकदा मारतो, नीट बधिर व्हायला दोन मिनिटं जास्त देतो, गुंगीच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारतो, एक जण फक्त खांद्याशी उभा राहतो. न बोलणाऱ्याच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. रांगेत तीस माणसं असतात आणि तो त्यातला एक होऊन जातो.

हे मी शिकले ते मात्र स्वतः टेबलावर गेल्यावर. मला ५६ व्या वर्षी दुर्बीण करावी लागली, दुसऱ्या गावातल्या एका दवाखान्यात. आपण नर्स, आपण काय बोलायचं, म्हणून मी गप्प राहिले. तिथे कुणी काही सांगितलं नाही. फवारा मारला आणि लगेच ‘तोंड उघडा’. घसा अजून जागाच होता. इतरांचे हात मी वर्षानुवर्षं धरले होते, आणि त्या दिवशी माझाच हात नळीकडे गेला. तपासणी थांबवावी लागली. तीन महिन्यांनी पुन्हा केली, तेव्हा आत गेल्या गेल्या सांगितलं की मागच्या वेळी मी नळी ओढली होती, मला घाबरायला होतं. तिथल्या नर्स मुलीने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. तीच नळी, तोच घसा, आणि सात-आठ मिनिटांत झालं. त्यानंतर माझ्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारायला लागले: भीती वाटते का? आधीची कितीतरी वर्षं मी ते विचारलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता श्वासाचं. घशाच्या मागे फाटा आहे. एक वाट अन्ननलिकेची, पोटाकडे जाणारी, दुसरी श्वासनळीची, छातीकडे जाणारी. दुर्बीण अन्नाच्या वाटेने जाते. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो, डॉक्टर पडद्यावर तो फाटा बघूनच पुढे सरकतात, अंदाजाने ढकलत नाहीत. हवेची वाट पूर्ण वेळ मोकळी असते आणि नाकाने, तोंडाने श्वास चालू राहतो. बोटाला एक चिमटा लावतात, तो रक्तातला ऑक्सिजन सतत दाखवत असतो. नळीची जाडी साधारण ९ ते १० मिलिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीहून बारीक. भाकरीचा घास आपण याहून मोठा गिळतो.

मग लोकांना गुदमरल्यासारखं का वाटतं? एक तर फवाऱ्याने घसा बधिर होतो. आपण गिळतोय हेच कळत नाही, घसा सुजलाय, बंद झालाय असं वाटतं. फवारा कडू असतो, त्याने आणखी घाबरायला होतं. आणि दुसरं म्हणजे नळी घशाशी आली की माणूस स्वतःच श्वास रोखून धरतो. हवा अडवलेली नसते, आपण घ्यायची थांबवलेली असते. मी टेबलाशी उभी राहून हजारदा तरी म्हटलं असेल, ‘श्वास घ्या, नाकानं घ्या, सोडा.’ सोडा म्हटल्यावर छाती हलायची आणि माणसाच्या डोळ्यांत ओळख परत यायची. तुमच्या डेपोतल्या भावाला बहुतेक असं सांगणारं कुणी भेटलं नसेल. त्याला झालं ते खोटं नव्हे. पण तुमचं तसंच होईल असंही नाही.

घाटात पोटात ढवळणाऱ्या प्रवाशाला तुम्ही काय सांगता? खाली बघू नका, पुढे लांब एका ठिकाणी नजर ठेवा. इथेही तेच. डोळे घट्ट मिटले की सगळं लक्ष घशात जाऊन बसतं. डोळे उघडे ठेवा, भिंतीवरचा एखादा खिळा, घड्याळ, काहीतरी धरून ठेवा.

आज संध्याकाळपासून घरी सराव करा. मी हे बऱ्याच जणांकडून करून घेतलंय. सतरंजीवर डाव्या कुशीवर झोपा, गुडघे थोडे पोटाशी. दातांत स्वच्छ रुमालाची लहान गुंडाळी धरा, दातांतच, मागे ढकलायची नाही. तपासणीच्या वेळी तिथे प्लॅस्टिकची कडी असते, नळी चावली जाऊ नये म्हणून, तिची तेवढी सवय. गालाखाली टॉवेल. हनुवटी छातीकडे. आता नाकाने श्वास घ्या आणि घेतला त्याहून सावकाश सोडा. सोडताना खांदे खाली पडू द्या. लाळ येईल, ती गिळू नका, टॉवेलवर वाहू द्या. गावाकडच्या माणसाला याचीच लाज वाटते, चारचौघांत तोंडातून लाळ गळतेय म्हणून तो गिळायला जातो, ठसका लागतो आणि मग घाबरतो. तिथे लाळ ओढायला नळी असते, पुसायला माणूस असतो, कुणाला त्याचं काही वाटत नाही. हे दहा मिनिटं घड्याळ लावून करा. पहिल्या दिवशी तीन मिनिटांत उठावंसं वाटेल. उठा, परत करा. गुरुवारपर्यंत शरीराला ती कूस आणि तो श्वास ओळखीचा झालेला असेल.

प्रत्यक्षात सगळ्यात अवघड क्षण एकच, नळी जिभेच्या मागून खाली उतरते तो. डॉक्टर म्हणतील, ‘गिळा.’ घास गिळतो तसं एकदा गिळायचं. तेव्हा उमासा येईल, डोळ्यांत पाणी येईल. येऊ दे. काही सेकंदांत नळी खाली जाते आणि घशातला जोर पुष्कळ कमी होतो. पोट नीट दिसावं म्हणून आत हवा सोडतात, त्याने फुगल्यासारखं वाटतं, मोठ्याने ढेकर येतात. यायचेच. जठर, पुढचं लहान आतड्याचं तोंड बघून नळी बाहेर येते. सगळं मिळून पाच ते दहा मिनिटं. तुमचा मोकळा हात कशाला लावायचा ते आधी ठरवा. पँटची शिवण धरा, टेबलाची कड धरा, पण त्याला काम द्या. आणि आत जाताना विचारून ठेवा, ‘मला थांबायला हवं असलं तर कसं सांगू?’ त्या वेळी बोलता येत नाही, म्हणून हाताची खूण ठरवून घ्यायची. ती खूण बहुतेक वापरावी लागत नाही, पण आहे म्हटल्यावर माणूस सैल होतो.

आता गुंगीच्या इंजेक्शनबद्दल. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण मला कळलंय. गुंगी घ्यायची तर बरोबर माणूस लागतो. माणूस न्यायचा तर घरी खरं सांगावं लागतं. म्हणून तुम्ही दोन्ही वेळा एकटे गेलात.

ते इंजेक्शन शिरेतून देतात. पूर्ण भूल नसते, डोळे जड होतात, हाक मारली तर ओ देता येते, आणि झालेलं बरंचसं नंतर आठवत नाही. तुमच्यासारखा उमासा असलेल्याने, दोनदा परत आलेल्याने, ते मागून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, तुमचं हिमोग्लोबिन, रक्तदाब, झोपेत घोरणं, आधीचे आजार बघून. रात्री फार घोरत असाल, मध्येच श्वास अडकत असेल तर हे सांगायचंच. काही ठिकाणी आधीपासून सांगून ठेवावं लागतं, त्यामुळे गुरुवारची वाट न बघता उद्याच दवाखान्यात विचारा.

आणि वहिनींना सांगा. कसं सांगायचं म्हणून अडला असाल तर असं सांगा: ‘डॉक्टर आले होते. मीच दोनदा परत आलो. मला भीती वाटली. गुरुवारी तू चल.’ याच्यापुढे काही समजवावं लागणार नाही. कदाचित त्या रागावतील, दीड महिना का लपवलंत म्हणून. तो राग कसला आहे ते तुम्हाला कळेल. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. गुंगीत डॉक्टर जे सांगतात ते माणूस विसरतो. ऐकून लक्षात ठेवायला शेजारी शुद्धीतलं माणूस हवंच.

वडिलांचं तुम्ही पत्रात शेवटी शेवटी लिहिलंत, पण मला वाटतं माघारी फिरवलं ते त्यानेच. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं. पुढे या भागातली आणि कर्नाटकातलीही माणसं रेल्वेने, गाडीने, मिळेल त्या वाहनाने इथे येत राहिली. माझ्या लहानपणी गावात ‘मिरजेला नेलंय’ एवढं म्हटलं की बायका पदर तोंडाला लावायच्या, कारण पुष्कळ घरं अगदी गळ्याशी आल्यावरच माणसाला इथे आणत. तुमच्या वडिलांना कोणत्या टप्प्यावर आणलं मला माहीत नाही. पण तुम्ही स्वतःच्या पायांनी येताय, हिमोग्लोबिन ९ असताना, काळ्या शौचानंतर दोन महिन्यांच्या आत. यात आणखी वेळ मात्र घालवू नका.

तुम्हाला काही निघणार नाही, असं मी लिहिणार नाही. ते मला माहीत नाही, आणि खोटा धीर तुम्ही लगेच ओळखाल. पण तुमच्या पत्रात जे आहे त्यावरून डॉक्टरांच्या मनात पहिली शंका अल्सरची असणार. वर्षानुवर्षं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या पोटाच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात, तिथे जखम होते, जखमेतून रक्त झिरपतं आणि ते आतड्यातून येता येता काळं होतं. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. पूर्वी समज होता की अल्सर तिखटाने आणि काळजीने होतो. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल या डॉक्टरांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन पाहिला. आधी आणि नंतर स्वतःची एन्डोस्कोपी करून घेतली, आणि जंतूने पोटाला सूज येते हे दाखवलं. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. ज्या रोगाने माणसं वर्षानुवर्षं कण्हत होती, त्यामागचा जंतू मारायला आता बहुधा दोन आठवड्यांच्या गोळ्या पुरतात. आणि दुर्बीण केल्यावर जखमेतून अजून रक्त येताना दिसलं, तर त्याच नळीतून इंजेक्शन किंवा बारीक क्लिप लावून ते थांबवताही येतं.

तुम्ही बघून परत फिरलात ती काळी नळीही अशाच एका माणसाने आधी स्वतः गिळलेली आहे. मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि लंडनमधले हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र वाकवून नेता येतं हे दाखवलं. ते वाचून बेसिल हिर्शोविट्झ या डॉक्टरांनी वाकणारी दुर्बीण बनवली आणि १९५७ मध्ये पहिल्यांदा स्वतःच्या घशातून आत घातली. त्याआधीच्या नळ्या ताठ किंवा अर्ध्याच वाकणाऱ्या होत्या. आज ज्या सहजपणे ती वळते, ती त्या कामाची पुण्याई आहे.

डॉक्टर कदाचित आतून तुकडा काढतील. ‘तुकडा काढला’ म्हटलं की घरातले रडायला लागतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. तुकडा त्या जंतूसाठी काढतात, सूज बघायला काढतात, गाठीची शंका पुसून टाकायलाही काढतात. त्यावरून काही ठरवू नका. काढताना दुखत नाही. पोटाच्या आतल्या अस्तराला ताणलेलं कळतं, चिमटा कळत नाही. रिपोर्टला काही दिवस लागतात. कधी आणि कुठे मिळेल हे तिथेच विचारा, आणि आणायलाही दोघं जा. वडिलांचं नक्की काय झालं होतं, कितव्या वर्षी, ते डॉक्टरांना सांगा. हे लपवायची गोष्ट नाही, त्यांना ती माहिती लागते.

तयारीचं थोडक्यात. आधी सहा ते आठ तास काही खायचं नाही, चहा-दूध धरून. साधं पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल ते दवाखान्याने सांगितलेलं पाळा, बहुतेक ठिकाणी दोन तास. तंबाखू, मावा, मिश्री त्या दिवशी तोंडात नको. तुम्ही खात नसाल तर उत्तमच. बीपी, शुगर किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सकाळी घ्यायची की नाही ते आधी विचारा. पित्ताच्या गोळ्या चालू असल्या की तो जंतू कधी कधी तपासणीत सापडत नाही, म्हणून त्यांचं नाव सांगा. पण स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्यांनीही शौच काळं होतं, तेही बोला. कवळी किंवा हलणारा दात असला तर आत जाण्यापूर्वी सांगा. आणि कंबर कितीही धरली तरी दुखण्याची गोळी आता नाही. कंबरेसाठी दुसरं काय करता येईल ते त्याच डॉक्टरांना विचारा.

गुरुवारच्या आधी पुन्हा डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही आलं, किंवा उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तारखेची वाट बघू नका. रात्र असली तरी तातडीच्या विभागात जा. तशी अंधारी आली तर त्या दिवशी स्टिअरिंगवरही बसू नका. मागे पन्नास माणसं असतात. तुमचं काम ड्रायव्हरचं आहे आणि हिमोग्लोबिन ९ आहे, हे डॉक्टरांना मुद्दाम सांगून सध्या गाडी चालवायची की नाही ते विचारून घ्या.

तपासणीनंतर घसा अर्धा ते एक तास बधिर राहतो. तोवर चहा मागू नका, ठसका लागेल आणि भाजलेलं कळणारही नाही. बधिरपणा गेला की आधी घोटभर गार पाणी, मग मऊ भात, ताक. भडंग-बिडंग दुसऱ्या दिवशी. घसा एखादा दिवस खवखवेल. पोटात किंवा छातीत जोरात दुखायला लागलं, ताप आला, धाप लागली, रक्त पडलं तर मात्र लगेच परत जायचं. असं क्वचित होतं, पण लक्षात ठेवायचं.

तिसऱ्यांदा त्या दारात उभे राहाल तेव्हा पुन्हा माघारी फिरावंसं वाटेल. तेव्हा पाऊल मागे घेण्याआधी तिथल्या सिस्टरला एवढंच म्हणा: ‘मी दोनदा परत गेलोय. मला भीती वाटते.’ पुढचं त्या करतील.

गुंगीचं इंजेक्शन घेतलं तर त्यानंतर २४ तास गाडी चालवायची नाही, दुचाकीसुद्धा नाही, आणि कसल्या कागदावर सहीही करायची नाही. तेव्हा शुक्रवारची ड्यूटी आजच बदलून घ्या.

— तुमची सिस्टर